कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्तदाब : या चुका टाळा

कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन वर्गातील गोळी सुरू झाल्यावर रक्तदाबाचा आकडा थोडा खाली आला की आता रक्तदाबाची गोळी बंद केली तरी चालेल, असे अनेकांना वाटते. या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच. स्टॅटिनमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार होते आणि वाहिन्या किंचित सैलावतात, हे खरे. परंतु अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पाहिले तर वरच्या रक्तदाबात सरासरी घट दिसते ती जेमतेम २ मिलिमीटरची. एकाच दंडावर लागोपाठ दोनदा मोजले तरी याहून अधिक फरक पडू शकतो. आकडा १५० वरून १३० वर आला असेल, तर त्याचे श्रेय कमी केलेले मीठ, घटलेले वजन, रक्तदाबाची गोळी किंवा मोजण्याची पद्धत यांत शोधावे.

‘स्टॅटिन घेतल्यापासून बीपी वाढले’ अशीही तक्रार ऐकू येते. अशा वेळी आधी वेदनाशामक गोळ्यांची चौकशी करावी. स्टॅटिनमुळे काहींचे स्नायू दुखतात, त्यावर परस्पर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतले जाते, ही औषधे शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणामही कमी करतात, आणि दोष मात्र स्टॅटिनच्या माथी येतो. (कोलेस्टेरॉलचे कोणतेच औषध रक्तदाब वाढवत नाही, असेही नाही: टॉर्सेट्रापिबने तो वाढवला, मृत्यूही वाढले, आणि डिसेंबर २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. ते बाजारात आलेच नाही.)

दोन डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या घेणाऱ्यांनी एक जोडी विशेष जपावी. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीसोबत सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, आणि डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल ही रक्तदाबाची औषधे चालू असतील तर १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. या जोडीत रक्तदाब बिघडत नाही. रक्तातील सिम्व्हास्टॅटिनचे प्रमाण वाढून स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. अंग विलक्षण दुखून लघवी गडद तपकिरी झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

कोलेस्टेरॉल कमी करणारी कोलेस्टिरामिनची पूड घेणाऱ्यांनी इतर गोळ्या तिच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्याव्यात, कारण ती थायाझाइडसारखी रक्तदाबाची औषधे आतड्यातच अडकवून ठेवते.