सांगाडा वाचायला कसं शिकावं: मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षासाठी

प्रौढ माणसाची हाडं २०६. नावं आठवडाभरात पाठ होतात, पण प्रॅक्टिकलला खरा घोळ होतो तो डावं-उजवं ठरवताना. मांडीचं हाड घ्या. गोल डोकं वर, मागची खडबडीत उभी रेघ आपल्याकडे. डोकं तुमच्या डाव्या हाताला वळलं, तर हाड उजव्या पायाचं. ही सवय डोळे मिटून जमेपर्यंत करा, कारण पुढची मोजणी त्यावरच उभी आहे. मिसळलेल्या ढिगात मांडीची तीन उजवी हाडं निघाली, तर माणसं किमान तीन. डावं-उजवं चुकलं की माणसंही चुकली.

मग वय, आणि त्यानंतरच लिंग. हा क्रम उलटू नका. वयात येण्याआधीच्या हाडांवर लिंगाच्या खुणा भरवशाच्या नसतात. मुलांचं वय दातांवरून काढा: पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या. तरुणांमध्ये हाडांची टोकं मधल्या दांड्याशी जुळली का ते पाहा. गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यांत शेवटी, विशीच्या उत्तरार्धात जुळतं.

लिंगासाठी आधी कटीचं हाड. त्याच्या मागच्या बाजूच्या खाचेत अंगठा ठेवा. तो इकडेतिकडे सहज हलला तर बहुधा स्त्री, घट्ट बसला तर बहुधा पुरुष. एकट्या कवटीवर निकाल देऊ नका, दणकट कवटीच्या बायका पुष्कळ असतात. जर्नलमध्ये ‘बहुधा’ लिहायला लाजू नये, तो शब्द शास्त्राचाच आहे.

उंचीसाठी लांब हाडाची लांबी ऑस्टिओमेट्रिक बोर्डवर, म्हणजे हाडं मोजायच्या फळीवर, तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. उंचीचं सूत्र कोणत्या लोकसमूहावरून बांधलंय ते आधी बघा. परक्या समूहाचं सूत्र लावलं की उत्तर काही सेंटिमीटरनी घसरतं.

उत्खननातलं ठिसूळ हाड पाण्यात बुडवू नका. बांबूची काडी आणि मऊ ब्रश वापरा, धातूच्या हत्याराने ओरखडे पडतात. ओलसर हाड सावलीतच वाळवा, उन्हात ते तडकतं.

एवढं हातात बसलं की पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावकडे वळा. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उकरलेलं हे ताम्रपाषाणयुगीन गाव. तिथे लहान मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत, घराच्या जमिनीखाली पुरलेली सापडली, आणि प्रौढांची पावलं घोट्याजवळ तोडलेली. असा सांगाडा समोर आला की पहिला प्रश्न: पावलं तेव्हाच तोडली, की खणताना गेली? तुटलेल्या कडेचा रंग पाहा. ताजी तूट फिकट दिसते, जुनी बाकी हाडासारखीच मातकट. मग त्याच गावातलं चार पायांच्या मातीच्या कुंभात बसवलेलं दफन पाहा, त्या प्रौढाची पावलं शाबूत आहेत. एकालाच वेगळी वागणूक का, हे विचारलंत की तुम्ही हाडांवरून समाजरचनेत शिरलात.