आफ्रिकेची तूर जळगावात आणताना: 'लोडिंग फायनल'ची ओळ

गजरी, अरुशा, मटवारा ही आफ्रिकी तुरीची नावं जळगावच्या दालमिलवाल्यांना नवी नाहीत. आयईसी कोड (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक), एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) सेंट्रल लायसन्स, न्हावा शेवा बंदरातून माल सोडवणारा क्लिअरिंग एजंट एवढं तर नवा आयातदारही जमवतो. तो अडकतो सौद्याच्या कागदावरच्या एका ओळीत: 'क्वालिटी फायनल ॲट लोडिंग', म्हणजे माल भरताना ठरलेला दर्जाच शेवटचा.

मोझांबिकच्या नकाला बंदरात सर्व्हेअरने (माल तपासून दाखला देणाऱ्याने) ओलावा १२ टक्के लिहून दिला की विकणारा मोकळा झाला. सौदा सीआयएफ (किमतीत विमा आणि भाडं धरलेला) असला तरी माल जहाजावर चढला की जोखीम तुमची. भाडं आणि विमा त्याने भरला, एवढंच. एलसी (बँकेची पैसे देण्याची हमी) असेल तर बँक कागद तपासते, तूर नाही. कागद जुळले की पैसे गेले. इकडे एफएसएसएआय मात्र उतरलेल्या मालातून नमुना घेते: ओलावा १४ टक्क्यांच्या आत, युरिक ॲसिड किलोला १०० मिलिग्रॅम, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) १५ मायक्रोग्रॅम. म्हणजे पैसे तिकडच्या मोजमापावर जातात आणि माल इकडच्या मोजमापावर सुटतो.

मध्ये बिघडतं ते असं. दिवसा कंटेनरचा पत्रा तापतो, दाण्यातलं पाणी वाफ होऊन वर जातं, रात्री छताला थेंब धरतात आणि वरच्या थरातल्या गोण्यांवर गळतात. बुरशी तिथेच लागते. दाण्यातली अंडी भरताना दिसत नाहीत. उबेत भुंगा वाढतो आणि त्याच्या विष्ठेने युरिक ॲसिड चढतं. चाळण्या मारून भुंगा निघतो, पण दाण्याला चिकटलेली घाण तेवढ्याने जात नाही.

म्हणून 'फायनल ॲट डिस्चार्ज' मागा, म्हणजे माल उतरल्यावरची तपासणी शेवटची. विकणारा ऐकत नसेल तर लोडिंगला सर्व्हेअर तुमचा हवा. प्रत्येक कंटेनरचा सीलबंद नमुना ठेवायला लावा, ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास लिहून घ्या, आत क्राफ्ट पेपर आणि ड्राय बॅगा (ओलावा शोषणाऱ्या पिशव्या) लावून त्यांचे फोटो मागवा. सीआयएफमध्ये विकणाऱ्यावर बंधन असतं ते किमान 'सी' क्लॉजच्या, म्हणजे सर्वात कमी संरक्षणाच्या विम्याचं. त्यात घामाचं, म्हणजे छतावरून गळलेल्या थेंबांचं नुकसान बसत नाही. जादा प्रीमियम भरा, पण 'ए' क्लॉज (सर्वात व्यापक विमा) घ्या. मूळचाच ओला माल भरला असेल तर त्यातही क्लेम नाकारला जातो, म्हणून सर्व्हेअरचे रिपोर्ट जपून ठेवा.

फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या) आणि फ्युमिगेशन (धुरी दिल्याच्या) सर्टिफिकेटच्या प्रती जहाज सुटण्याआधी मागवून कंटेनर नंबर जुळवा. बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा आयातीचा कागद) जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरा. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये लागतात.

'सॅम्पल मॅनेज करू' म्हणणाऱ्या एजंटाला त्याच दिवशी सोडा. दोन दिवसांच्या एक्सपोर्ट-इम्पोर्ट कोर्सपेक्षा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणारा जुना अडत्या कधीही बरा, त्याच्याकडे महिनाभर बसा. घाबरू नका, ही गोष्ट शिकून येते. पहिल्या खेपेला वीस फुटी एकच कंटेनर आणा, साधारण २४ टन.

तिकडचं पीक ऑगस्ट-सप्टेंबरात निघतं, आपलं डिसेंबरनंतर. कमाई या मधल्या दिवसांत असते, पण सौद्याआधी डीजीएफटीचं (परकीय व्यापार महासंचालनालयाचं) चालू नोटिफिकेशन वाचा. ऑगस्ट २०१७मध्ये तुरीच्या आयातीवर अचानक वर्षाला २ लाख टनांची मर्यादा आली होती.