"हे कोण?" नका विचारू, झोपाळा कुठे गेला ते विचारा

दीड वर्षापूर्वी आत्याने सांगलीहून एक पत्र्याची ट्रंक पाठवली. वर दोन जरीच्या साड्या आणि खाली शंभर-सव्वाशे फोटो. बरोबर निरोप, "घर आवरतेय, तुला आवड आहे तर तूच बघ." आवड वगैरे ठीक, पण त्यातले सत्तर टक्के लोक मला ओळखू येत नव्हते आणि बाबांनाही नाही. तेव्हापासून जे करत गेलो, चुकलो, परत केलं, ते इथे लिहितोय. तुमच्या माळ्यावर पण अशी ट्रंक असणारच.

पहिली चूक मी पहिल्याच तासात केली. सगळे फोटो जमिनीवर पसरले आणि लग्नाचे इकडे, लहान मुलांचे तिकडे असे ढीग लावले. असं अजिबात करू नका. कोणता फोटो कुठल्या पाकिटात होता, कशाला चिकटून होता, कुठल्या पोथीत दडवलेला होता हीच मोठी माहिती असते. एका पाकिटातले चार फोटो बहुतेक एकाच घरातून आलेले असतात. तर आधी ट्रंक उघडल्या अवस्थेतच मोबाईलवर फोटो काढा, मग एकेक पाकीट बाहेर काढून त्याला नंबर द्या, आतल्या फोटोंना त्याच नंबरखाली १, २, ३. सॉर्टिंग करायला नंतर आयुष्य पडलंय.

हे सगळं पावसाळ्यात करू नका, दमट हवेत फोटो एकमेकांना आणि काचेला चिकटतात. हात धुऊन कोरडे करा आणि फोटो कडेला धरा. धूळ असेल तर नवा मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा, पाणी, कोलिन, ओला रुमाल काही नको. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंवर काळ्या भागात आरशासारखी चंदेरी झाक येते ना, ती फोटोतलीच चांदी वर आलेली असते, तिला मळ समजून घासू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकटच स्कॅन करायचा. ऐंशीच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम तर शत्रूच आहेत, दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळू सरकवला तर बरेच फोटो सुटतात, नाही सुटला तर अख्खं पान स्कॅन करून मोकळं व्हा. आणि लॅमिनेशन नको, सेलोटेप तर त्याहून नको.

स्कॅन करताना पोस्टकार्ड साईजला ६०० डीपीआय पुरतं, पासपोर्ट साईज किंवा छोट्या चौकोनी फोटोला १२००. मागची बाजू पण स्कॅन करायची, मागे काही लिहिलेलं नसलं तरी. मी आधी फक्त पुढची बाजू केली आणि मग सगळे परत करावे लागले, दोन रविवार गेले.

आता खरी मजा, तारीख शोधणं. चेहरा सोडून बाकी सगळं बघा. स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता वाचा. "मुंबई ४" एवढंच असेल तर फोटो बहुधा पिनकोडच्या आधीचा, "मुंबई ४०० ००४" असेल तर नंतरचा, कारण सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ ला आला. पाकिटावर किंमत आण्यांत असेल तर साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीचं धरा, नवे पैसे तेव्हा सुरू झाले. मागे उभ्या गाडीवर एमएच १२ सारखा नंबर असेल तर १९८९ च्या आधी जाऊच नका. चौकोनी काळेपांढरे छोटे फोटो दिसले तर घरात आगफा क्लिकसारखा रोलचा कॅमेरा होता का ते विचारा, एका रोलमध्ये बारा फोटो यायचे त्यामुळे उरलेले अकरा कुठेतरी असू शकतात. आणि रंगीत फोटो लालसर झाला असेल तर बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकातला. नुसता उठावाचा शिक्का असेल, शाई नसलेला, तर खोलीत अंधार करून मोबाईलची टॉर्च अगदी आडवी धरा, अक्षरं सावलीत उठून येतात. पुसलेली पेन्सिल पण अशीच वाचता येते.

मागे शके लिहिलं असेल तर घाबरू नका, ७८ मिळवा, आणि महिना पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा असेल तर ७९. मोडी असेल तर मात्र मोडी वाचणारा माणूस गाठा, हल्ली क्लास केलेले बरेच जण सापडतात आणि दोन ओळी हौसेने वाचून देतात.

स्टुडिओतल्या वस्तूंवर विश्वास ठेवू नका हं. संगमरवरी जिना पडद्यावर रंगवलेला असतो, खुर्ची, फुलदाणी, हातातलं जाड पुस्तक सगळं स्टुडिओचं. पण उपयोग होतो. आमच्याकडे सिंहाच्या तोंडाचे हात असलेली एक खुर्ची दोन फोटोंत आहे, एकावर शिक्का आहे, दुसऱ्यावर नाही, म्हणजे दुसरा पण बहुतेक त्याच स्टुडिओतला.

भिंतीवरच्या फोटोवर तर त्याहून कमी विश्वास ठेवा. आमच्या पणजोबांचा, म्हणजे नानांचा, हार घातलेला मोठा फोटो आहे, कोट, पगडी, एकदम रुबाब. लहानपणापासून ऐकलं की नाना कोट घालून कचेरीत जायचे. ट्रंकेत एक अकरा जणांचा ग्रुप फोटो निघाला, त्यात नाना मधोमध बसलेत, डोकं तसंच किंचित डावीकडे झुकलेलं, एक भुवई तशीच वर, डाव्या कानाजवळची सावलीसुद्धा तीच, फक्त अंगात बंडी आणि डोकं उघडं. पूर्वी माणूस गेला की ग्रुप फोटोतला चेहरा मोठा करून आर्टिस्टकडून रंगवून घ्यायचे, कपडे तोच चढवायचा. म्हणजे नानांना कोट पेंटरने शिवला. कचेरीची कथा बहुतेक त्या कोटावरूनच तयार झाली असणार, बाबा अजून मान्य करत नाहीत.

तर हा अकरा जणांचा फोटो. पुण्यातल्या वाड्याचं अंगण, मागे ओसरीवर कड्यांचा झोपाळा. पुढे एक गोटा केलेला मुलगा बसलाय, म्हणजे मुंज, आणि मुंजीचे मुहूर्त साधारण माघ ते ज्येष्ठ, म्हणजे वर्ष नाही कळलं तरी मोसम कळला. मांडीवरचं बाळ म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, शाळेच्या दाखल्यात तिची जन्मतारीख १ जून १९४१. आता १ जूनवर हसू नका. त्या पिढीत अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकायचे, त्यामुळे वर्षभर इकडेतिकडे धरून चाला.

दहा जण ओळखले. अकरावी बाई, मागे खांबाला टेकून उभी, कपाळावर कुंकू नाही, कोणालाच माहीत नाही. आजी ८८ वर्षांची आहे, तिला तीनदा विचारलं हे कोण, तीनदा उत्तर "असेल कोणतरी, मला आता काय दिसतंय." मग मी फोटो टीव्हीवर मोठा करून लावला आणि सहज विचारलं, आजी हा झोपाळा कुठे गेला गं. आजी लगेच म्हणाली, "तो होय, पानशेतात गेला. फळी गेली वाहून, कड्या तेवढ्या आक्कांनी दोन दिवस चिखल उपसून काढल्या." म्हणजे १२ जुलै १९६१, धरण फुटलं तो पूर. मी विचारलं आक्का कोण, तर म्हणाली, "अरे ही काय मागे उभी आहे ती, नानांची बहीण. सोळाव्या वर्षी परत आली माहेरी. घर तिच्याच हातावर चालायचं." आणि मग सव्वा तास आजी बोलत होती. आमच्या वंशावळीत ही बाई नाहीच.

म्हणून सांगतोय, माणसांबद्दल थेट विचारलं की म्हाताऱ्या माणसांना परीक्षा दिल्यासारखं वाटतं, वस्तूबद्दल विचारा. हा बंब कोणी आणला, ही साडी कोणाच्या लग्नातली, या दाराच्या मागे काय होतं, गाय होती का. एका बैठकीत पाचच फोटो, जास्त नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा पण सांगून लावा. जमलं तर दोन म्हातारी माणसं एकत्र बसवा, एकाला दुसऱ्याचं पटत नाही आणि त्या भांडणात तारखा बाहेर पडतात. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकताना डॉक्युमेंट म्हणून टाका नाहीतर बारीक होतो, आणि "ओळखा पाहू" लिहिण्यापेक्षा चुकीचं नाव ठोकून द्या, बरोबर करायला दहा मिनिटांत कोणीतरी येतंच.

ग्रुप फोटोच्या कॉप्या सहसा दोन-तीन घरांत गेलेल्या असतात, आपल्या कॉपीमागे काही नसेल तरी दुसऱ्या घरी असू शकतं. आमच्या फोटोची कॉपी इंदूरला चुलत घराण्याकडे निघाली, मागे शाईने: "ती. नाना, ती. सौ. वहिनी, गं. भा. यमुताई, चि. बाळ (मुंज), शके १८६३ माघ." आता हे वाचायचं कसं बघा. माघ म्हणजे ७९ मिळवायचे, १९४२. नानांना "ती." (तीर्थरूप, मोठ्यांसाठी) म्हणतोय आणि त्यांच्या बायकोला वहिनी, म्हणजे लिहिणारा नानांचा धाकटा भाऊ, जो इंदूरला गेला तोच. आक्कांना, म्हणजे या गं. भा. (विधवा) यमुताईंना, "ताई" लावलंय म्हणजे त्या त्याच्याहून मोठ्या. "कै." कोणालाच नाही, म्हणजे लिहिलं तेव्हा सगळे हयात. एका ओळीत एवढं सगळं. हे ती., चि., सौ., गं. भा. आपण वाचताना सोडून देतो, पण लिहिणारा कोण आणि कधी लिहिलं हे तिथेच असतं.

नावांचा मात्र गोंधळ होणारच. एकाच घरात दोन नाना, तीन अण्णा, भाऊ तर मोजूच नका, त्यात बायकोचं नाव लग्नात बदललेलं. यमू हे माहेरचं नाव, सासरी काय ठेवलं होतं ते आजीलाही माहीत नाही, आक्का सहा वर्षांत परत आल्या, ते नाव वापरायला कोणी उरलंच नसणार. म्हणून प्रत्येक बाईसाठी दोन रकाने करा, माहेरचं नाव आणि सासरचं, आणि प्रत्येक टोपणनावापुढे "कोणाचा नाना" ते लिहा.

फोटोवरून कळलेलं कागदावर तपासायचं असेल तर आधी नात्यातला असा माणूस शोधा ज्याने जात पडताळणी केलीये. चेष्टा नाही, त्याच्या फायलीत आजोबा-पणजोबांचे शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे आणि वंशावळ आयती असते. जमीन असेल तर जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढा, वारस नोंदीत कोण कधी वारलं आणि मागे कोण राहिलं हे नावानिशी असतं. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, तहसीलला विचारा, धीर धरून विचारा, मला एका कचेरीत चार खेपा पडल्या आणि चौथ्यांदा रजिस्टर त्याच टेबलाखाली निघालं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात, आपलं मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की कोणाकडे जायचं ते तिथलेच लोक सांगतात. छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या माहितीचं पुस्तक, असेल तर तो पण बघा, फक्त जुन्यांत मुलींबद्दल बऱ्याचदा अर्धीच ओळ असते.

आणि ते रंग भरणारं, चेहरा क्लिअर करणारं एआय. माझ्या भावाने आक्कांचा चेहरा त्यात घातला, बाहेर आली ती भलतीच बाई, गोरीपान आणि कपाळावर टिकली! साडीचा रंग पण त्याने मनानेच ठरवला. करमणूक म्हणून करा, पण त्या फाईलच्या नावात "एआय" लिहा आणि मूळ स्कॅनला हात लावू नका.

कळलेलं नाव त्याच दिवशी लिहा. मऊ पेन्सिलने, मागच्या बाजूला, कडेला, फोटो सपाट टेबलावर ठेवून, बॉलपेन कधीच नाही, उठाव पुढे येतो आणि शाई पाझरते. नंतरच्या प्लास्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहा. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाका आणि कोणी सांगितलं ते पण, "आजी, मार्च" एवढं पुरे.

न ओळखलेल्यांचं एक वेगळं पाकीट ठेवा. माझ्या त्या पाकिटात एक जोडपं होतं, स्टुडिओतलं, फार सुंदर फोटो, मी त्यांच्यावर पाच महिने घालवले, कानाची ठेवण जुळवली, एकदा तर ते नानांचे सासू-सासरे आहेत असं ग्रुपवर जाहीरही करून टाकलं. शेवटी आजीनेच चहा पिता पिता सांगितलं, "हे आपले नव्हेत रे, मालक ते, वाड्याचे." पुरानंतर चिखलातून काढलेले सगळ्यांचे फोटो एकाच गच्चीवर वाळत घातले होते म्हणे, तेव्हा आले असतील. मालकांचा नातू कोथरूडला राहतो, त्याला नेऊन दिला. त्याने आत जाऊन एक पाकीट आणलं, म्हणाला हे तुमच्यापैकी कोणी असेल तर बघा. त्यात आक्का होत्या, झोपाळ्यावर बसलेल्या, हसत.