कोकणात घरी सॉना बसवायचाय? आधी बाहेर आल्यावर कुठे बसणार ते ठरवा

सॉना, म्हणजे घाम काढायची तापवलेली लाकडी खोली, म्हटलं की आपल्याकडे पहिला डायलॉग ठरलेला, "मे महिन्यात पडवीत बस, झाला तुझा सॉना." हसायला ठीक आहे पण ते खरं नाही. दमट उकाडा वेगळा आणि सॉनाची कोरडी उष्णता वेगळी. हिशोब करून बघा, पावसाळ्यातली ३० डिग्रीची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घ्या आणि ती बंद खोलीत ८५ डिग्रीपर्यंत तापवा, हवेतलं पाणी तेवढंच राहतं पण सापेक्ष आर्द्रता उतरते थेट ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बाहेर झड लागलेली असली तरी आत लाकडी खोली खडखडीत कोरडी. त्यामुळे "आपल्या हवेत सॉना चालत नाही" हे डोक्यातून काढून टाका.

खरी गोची आहे ती बाहेर आल्यावर. फिनलंडमधे माणूस तापून बाहेर येतो आणि तळ्यात नाहीतर बर्फात जातो, आपण बाहेर येतो ते परत त्याच चिकचिकाटात, घाम सुकतच नाही आणि विहिरीचं पाणी पण तिथल्या तळ्यासारखं बर्फगार नसतं. म्हणून माझं सरळ मत आहे की सॉना कुठला घ्यायचा याच्या आधी गार व्हायची जागा शोधा. मागच्या पडवीत, विहिरीच्या किंवा न्हाणीच्या शेजारी, जिथे दोन तांबे अंगावर घेता येतील, वर पंखा असेल, वारा खेळत असेल आणि टेकायला बाकडं असेल. तशी जागा नसेल तर सॉनावर पैसे घालू नका, त्यापेक्षा उन्हवरे नाहीतर राजवाडी-तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन या, स्वस्तात काम होईल. आणि सीझन म्हणाल तर जून ते सप्टेंबर आणि मग डिसेंबर-जानेवारी. एप्रिल-मे मधे कोणी आत जाणार नाही हे लिहून ठेवा, होमस्टेवाल्यांनी तर नक्कीच, कारण गर्दी नेमकी तेव्हाच असते.

आता प्रकार. स्टीम रूम म्हणजे ४०-४५ डिग्री आणि सगळीकडे वाफ, तो आपल्याकडे मी तरी सुचवणार नाही, चार महिने काहीच सुकत नाही तिथे आणखी एक ओली खोली कशाला, बुरशी घासत बसाल. इन्फ्रारेड म्हणजे किरणांनी थेट अंग तापवणारं तयार कॅबिन येतं, ४५ ते ६० डिग्री, दोन माणसांचं असेल तर दीड-दोन किलोवॅट, गीझरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर चालतं. फ्लॅटमधे राहत असाल तर हेच बरं. फक्त घेताना मागची बाजू आणि तळ बघा, पुढे छान लाकूड आणि मागे साधा प्लाय असेल तर समुद्रकाठच्या हवेत तो फुगतो, आणि कंट्रोलचा डबा खाऱ्या वाऱ्याच्या तोंडाला येईल असं बसवू नका. तिसरा दगडांचा, म्हणजे हीटरवर दगड तापवून त्यावर पाणी टाकायचं, फिनिश पद्धतीचा, ७० ते १०० डिग्रीचा, मजा खरी त्यातच आहे आणि कटकटी पण त्यातच आहेत, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

साइज आधी. दोन-तीन माणसांना ६ बाय ५ फूट आणि उंची ७ फूट भरपूर झाली. उंच सीलिंगचा मोह नको, गरम हवा वर जाऊन बसते आणि आपण खाली थंड. वरची बैठक सीलिंगपासून साधारण साडेतीन फूट खाली, रुंदी दोन फूट. हीटरचा अंदाज सोपा आहे, एका घनमीटरला एक किलोवॅट, म्हणजे या खोलीला ६ किलोवॅट. मोठं काचेचं दार किंवा टाइल्सची उघडी भिंत ठेवलीत तर त्या प्रत्येक चौरस मीटरमागे सव्वा घनमीटर जागा वाढली असं धरायचं. समुद्र दिसावा म्हणून अख्खी भिंत काचेची करायची हौस असते लोकांना, करा, पण मग हीटर मोठा घ्या.

आणि इथे गाडी वीजेवर येऊन अडते. ६ किलोवॅट सिंगल फेजवर म्हणजे २६ अँपिअर, तेवढ्यात पंप चालू झाला, गीझर चालू झाला तर गेलीच. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो आधी वाचा, बहुतेकांना भार वाढवून थ्री फेज घ्यावं लागेल. दुसरं म्हणजे व्होल्टेज. गावात संध्याकाळी १८० वर येत असेल तर हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, ६ किलोवॅटचा हीटर पावणेचारच्या खाली येतो, मग तासभर तापवलं तरी ६० डिग्रीच्या पुढे काटा जात नाही आणि शिव्या पडतात कंपनीला. म्हणून ऑर्डर देण्याआधी चार-पाच संध्याकाळी मीटर लावून व्होल्टेज बघाच. हीटरपर्यंतची शेवटची वायर सिलिकॉनची, उष्णता सोसणारी, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच), वेगळं अर्थिंग, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). एक गंमत सांगतो, पावसाळ्यात हीटर बरेच दिवस बंद राहिला की त्याचे रॉड हवेतली ओल ओढतात आणि चालू केल्या केल्या आरसीसीबी उडतो. अशा वेळी काही इलेक्ट्रिशियन आरसीसीबीच बायपास करतात, ते अजिबात करू द्यायचं नाही. रॉड खोलून इन्सुलेशन तपासायचं आणि ओल सुकवायची. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा हीटर चालवत रहा म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

लाइटचा भरवसाच नसेल तर लाकडावरची भट्टी. जळण आपल्याकडे आहेच, सुरू, आंबा, वाळलेलं काहीही, पण काजूची टरफलं घालू नका, त्यातल्या तेलाचा धूर डोळे आणि घसा जाळतो, आणि किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड पण नको, त्यात मुरलेलं मीठ भट्टीचा पत्रा खातं. चिमणी कौलांतून काढताना वासे-रिपांपासून लांब, मधे डबल पत्रा, आणि शेजारी झापांचा मांडव किंवा गवताची उडवी असेल तर ही आयडिया सोडून द्या.

बांधकामात गवंड्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागते. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते, म्हणून आतला सांगाडा तिला चिकटवायचा नाही, मधे हवा खेळेल एवढी फट सोडायची. मग आत येताना क्रम असा की रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी तंतूंची गादी) भिंतीत दोन इंच आणि सीलिंगमधे चार इंच, त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल, सांधे फॉइल टेपने बंद, मग अर्धा-पाऊण इंच फट आणि मग लाकडी पट्ट्या. फॉइल उलट्या बाजूला गेली की वाफ रॉकवूलमधे शिरते आणि तिथे वर्षभरात काय काय उगवेल ते विचारू नका. थर्माकोल तर नकोच, वितळतो. जमीन कोबा किंवा टाइल्सची, न्हाणीसारखा उतार आणि जाळी. दार बाहेर उघडणारं आणि त्याला कडी-कोयंडा काही नाही, आत कोणाला चक्कर आली तर ढकललं की उघडलं पाहिजे. दाराचं तोंड नैऋत्येला करू नका, सगळी झड आत येईल. हवेसाठी एक भोक हीटरच्या खाली आणि दुसरं समोरच्या भिंतीत, दोन्हीला स्टीलची बारीक जाळी, नाहीतर पाली आणि कधीकधी त्याहून लांबडे पाहुणे आत.

लाकूड बसायला हलकं आणि मऊ लागतं, हेमलॉक, सिडार, अॅस्पेन किंवा थर्मोवूड (भट्टीत तापवून टिकाऊ केलेलं लाकूड). सागवान दारा-चौकटीला वापरा, बैठकीला जड लाकूड नको कारण ते चटका देतं. पॅकिंगच्या खोक्यांचं चीड (पाइन) लाकूड स्वस्त मिळतं पण त्यातून राळ गळते. आतून पॉलिश, व्हार्निश, प्लाय, एमडीएफ काही नाही, तापल्यावर वास सुटतो. खिळ्यांची डोकी लाकडाच्या आत दाबलेली हवीत, आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, समुद्राजवळ ३०४ वर पण डाग येतात. अंगावरची चेन, मंगळसूत्र बाहेर काढून ठेवायला एक खुंटी ठोका, धातू तापतो आणि भाजतो.

दगड हीटरबरोबर येतात तेच वापरा. जांभा सच्छिद्र, नदीतल्या गोट्यात पाणी अडकलेलं असू शकतं, तापल्यावर फुटतो. दगडांवर टाकायचं पाणी गोडं हवं. मे अखेरीस विहीर मचूळ होत असेल तर ते पाणी हीटरवर नाही, खाऱ्या पाण्याने रॉड सडतात.

बसायचं १० ते १५ मिनिटं, मग बाहेर, पाणी अंगावर, पंख्याखाली, वाटलं तर परत. बीपी, हृदयाचा त्रास, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि दारू पिऊन तर अजिबात नाही, पार्टीवाल्या गेस्टना हे दारावरच लिहून लावा. नंतर शहाळं किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत. वापर झाला की लगेच बंद करू नका, हवेची दोन्ही भोकं उघडी ठेवून पंधरा-वीस मिनिटं हीटर चालू ठेवा म्हणजे बैठका सुकतात, मग बंद करून दार किलकिलं ठेवा. तासा-सव्वा तासाचा वापर धरला तर ६-७ युनिट जातात.

आणि नवीन खोली बांधणार असाल तर ग्रामपंचायतीत आणि भरती रेषेजवळ असाल तर सीआरझेडचं (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) आधी विचारा. लाकडाची खोली आहे, छोटीशी आहे, कोण बघतंय, असं म्हणून काम सुरू करू नका. काम काढायचंच तर दिवाळीनंतर काढा, लाकूड कोरड्या हवेत बसवलेलं बरं, आणि शाकारणीच्या आधी सगळं आटपलेलं असू दे.