रागमाला चित्र ओळखताना या चुका टाळा

झोका दिसला की आपण श्रावण म्हणून मोकळे होतो. रागमालेत, म्हणजे राग-रागिण्यांना माणसांच्या रूपात दाखवणाऱ्या चित्रसंचात, झोक्यावर कृष्ण असेल तर तो बहुधा हिंदोल, आणि हिंदोलाचा ऋतू वसंत. वर काळे ढग असले तरीही. झोका म्हटला की चित्रकारांनाही पावसाळाच आठवत असावा. पावसाचा राग मेघ. त्यात कृष्ण ढगांखाली नाचतो.

मोराचंही तेच. मोर दिसला म्हणून पावसाळा ठरवू नका. रानात एकटी स्त्री असेल तर आधी तिचे हात पाहा. वीणा आणि जवळ हरणं असतील तर तोडी. हातांत फुलांच्या माळा आणि भोवती मोर असतील तर ककुभ. चंदनाच्या झाडापाशी नाग खेळवणारी, मोरपिसांचा किंवा पानांचा घागरा नेसलेली सावळी शबरी (शबर या आदिवासी जमातीतली स्त्री) म्हणजे आसावरी. मोर तिघींच्याही आसपास येऊ शकतो, हात मात्र सहसा फसवत नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो आजचा राग चित्राला लावल्यामुळे. भैरवीने मैफल संपते म्हणून चित्रात निरोप शोधाल, तर सापडेल शिवलिंगाची पूजा. निरोप असतो ललितमध्ये: नायिका गाढ झोपलेली, नायक पहाटे माळा घेऊन निघालेला. चित्रकारासमोर स्वर नव्हते, ध्यानश्लोक होते, म्हणजे रागाच्या रूपाचं वर्णन करणारे श्लोक. म्हणून चित्राच्या वरच्या पट्टीवरचा मजकूर वाचाच. पण नाव नंतर कुणी लिहिलेलं किंवा चुकलेलंही असतं, तेव्हा ते चित्राशी ताडून घ्या.

राजस्थानी संच बहुधा 36 चित्रांचे: 6 राग, प्रत्येकी 5 रागिण्या, म्हणजे रागाच्या पत्नी. पहाडी (हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांतले) संच क्षेमकर्णाच्या रागांवरच्या 1570 च्या ग्रंथाप्रमाणे, तिथे प्रत्येक रागाला 8 पुत्रही, एकूण 84. एकाची यादी दुसऱ्याला लावली की निम्म्याहून अधिक चित्रं बेवारस राहतात.

चित्रं 12 च असतील तर ती बारामासा, म्हणजे बारा महिन्यांची चित्रं, असण्याची शक्यता जास्त. तिथे मराठी पंचांग बाजूला ठेवा. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वद्य पक्ष आपल्याहून एक महिना पुढे मोजला जातो. दिवाळीचे दिवे आणि उंच काठीवरचे आकाशदिवे दिसले, तर आपल्या हिशेबाने आश्विन. चित्रावर मात्र कार्तिकच लिहिलेला असेल.