बुस्बेकची तुर्की पत्रं वाचायची असतील तर

पहिलं पत्र लगेच उघडू नका, आधी नकाशा उघडा आणि व्हिएन्ना, बुडा, बेलग्रेड, सोफिया, एदिर्ने, इस्तंबूल आणि तिथून अंकारामार्गे अमास्या अशी रेघ ओढा. ओजिए द बुस्बेक हा फ्लँडर्सचा (आजच्या बेल्जियमकडच्या भागातला) विद्वान याच वाटेने ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातला राजा फर्डिनांड याचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणून तुर्कांच्या सुलेमान सुलतानाकडे गेला, १५५४ ते १५६२ हेच काम, आणि त्याचीच हकीकत या पत्रांत आहे. सुलतान इराणच्या मोहिमेमुळे अमास्यात होता म्हणून एवढी पायपीट. आणि त्याआधीपासून फर्डिनांड सुलतानाला वर्षाला ३०,००० डुकाट (सोन्याची नाणी) देणं लागत होता, वर हंगेरीचं भांडण, त्यामुळे वकिलाचा हात पहिल्या दिवसापासून दगडाखाली होता हे लक्षात ठेवूनच वाचा.

एप्रिल १५५५ मधला भेटीचा प्रसंग दोनदा वाचा. दोन्ही दंड धरून त्याला आत नेतात, हाताचं चुंबन घ्यायला लावतात आणि मग सुलतानाकडे पाठ न करता उलट्या पावली समोरच्या भिंतीपर्यंत. एवढं लांबचं बोलणं ऐकून सुलतान म्हणतो काय, तर "ग्युझेल, ग्युझेल", म्हणजे छान, छान. बास. पहिल्यांदा वाचताना हे नुसतं वर्णन वाटतं, दुसऱ्यांदा वाचलं की त्या दोन शब्दांनी त्याच्या पोटात किती गोळा आला असेल ते कळतं.

मग प्रत्येक पानावर एक प्रश्न विचारायचा, हे त्याने स्वतः बघितलं की ऐकलं? कारण इस्तंबूलमध्ये तो बराच काळ एका हानमध्ये, म्हणजे मोठ्या सराईत, पहाऱ्यातच होता, खिडक्यांना लोखंडी गज, आत मुंगसासारखे प्राणी, विंचू, पाली, आणि सकाळी टोपी घ्यायला जावं तर तिला साप गुंडाळलेला. हे खरं बघितलेलं. राजवाड्यातल्या आतल्या गोष्टी मात्र बहुतेक ऐकीव. क्रिमियातल्या गॉथिक भाषेचे (जर्मन कुळातली जुनी, आता नामशेष भाषा) जे ऐंशीच्या आसपास शब्द त्याने टिपले ते तर अशा ग्रीक माणसाकडून ज्याची ती मातृभाषाच नव्हती, आणि लिहून घेणारा कान फ्लेमिश. तरी ते शब्द आज आपल्याकडे आहेत ते फक्त त्याच्यामुळे, हे मला फार मोठं वाटतं. ट्युलिपचंही तसंच, तुर्क फुलाला लाले म्हणतात, हा "टुलिपान" लिहितो, बहुधा पागोट्याच्या शब्दाशी घोळ झाला असणार. आणि ट्युलिप युरोपात पहिल्यांदा त्यानेच आणला असं छातीठोक सांगत फिरू नका.

तुर्कांचं कौतुक वाचताना जरा थांबा. तिथे जन्मावरून नाही, कर्तबगारीवरून हुद्दा मिळतो असं तो कळकळीने लिहितो, तो स्वतः सरदाराचा अनौरस मुलगा होता. हे तो आपल्याच लोकांना सुनावतोय. पत्रं छापून आली ती १५८० च्या दशकात, तोवर घासूनपुसून घेतलेली असणार, तेव्हा बखर वाचताना जशी सावधगिरी ठेवतो तशीच इथे.

शेवटच्या पत्रातली पुस्तकांची यादी घाईत उरकू नका, माझ्या मते सगळ्यात जीव तिथे आहे. सुमारे २४० ग्रीक हस्तलिखितं त्याने जमवली, पण एक राहिलं, डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याचं औषधी वनस्पतींचं, साधारण ५१२ सालचं. सुलतानाच्या ज्यू वैद्याच्या मुलाकडे होतं, किंमत १०० डुकाट, परवडेना. बाहेरून किड्यांनी इतकं खाल्लेलं की रस्त्यात पडलं असतं तर कोणी उचललं नसतं असं तो लिहितो, पण फर्डिनांडने ते घ्यावंच म्हणून मागे लागायचं ठरवतो. १५६९ मध्ये ते व्हिएन्नाला पोचलं, आजही तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याच्या पानांचे फोटो ऑनलाइन शोधा, झूम करून बघा, चित्रातल्या झाडाशेजारी अरबी आणि हिब्रू अक्षरांत नंतरच्या वाचकांनी लिहिलेली नावं दिसतील.