१:३ म्हणजे तिसरा हिस्सा नव्हे: गुणोत्तर कसं वाचावं

सोयाबीनची रास झाली, २४ क्विंटल भरली. बटईत (शेत दुसऱ्याने कसायचं आणि पीक वाटून घ्यायचं, त्या करारात) ठरलं होतं, तिसरा हिस्सा मालकाचा. म्हणजे मालकाला ८ क्विंटल, कसणाऱ्याला १६. हाच करार वहीत कुणी ‘१:३’ असा टिपला, तर भाग होतात चार. मालकाला ६ आणि कसणाऱ्याला १८. दोन क्विंटलांवरून तंटा व्हायला एवढं पुरे. तिसऱ्या हिश्श्याचं गुणोत्तर १:२ आहे.

अपूर्णांकात छेद बहुतेक वेळा अख्ख्या राशीचा असतो. बटईच्या गुणोत्तरात मात्र एक वाटा दुसऱ्या वाट्याशेजारी ठेवलेला असतो, रास कुठे लिहिलेलीच नसते. शाळेत १:३ हे १/३ असंही लिहितात आणि ते चूक नाही. पण त्याचा अर्थ एवढाच, की मालकाचा वाटा कसणाऱ्याच्या वाट्याच्या एक तृतीयांश आहे. राशीच्या तो एक चतुर्थांश.

पायरी १. कशाचं कशाशी, ते शब्दांत लिहा. नुसतं ‘१:६’ लिहू नका, ‘सिमेंट : वाळू = १:६’ लिहा. पूर्वपद (आधीचं) आणि उत्तरपद (नंतरचं) यांची अदलाबदल झाली की अर्थच उलटतो.

पायरी २. माप एकच करा. २५० ग्रॅम गूळ आणि १ किलो शेंगदाणे हे २५०:१ नव्हे. २५०:१०००, म्हणजे १:४.

बांधकामावर सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. १:६ चा माल साधारणपणे आकारमानाने धरतात, आणि सिमेंटचं ५० किलोचं पोतं सुमारे ३५ लिटर भरतं. त्याला वाळू हवी २१० लिटर. ‘पोत्याला सहा घमेली’ टाकली तर वाळू फारच कमी पडते, कारण घमेलं पोत्याहून बरंच लहान असतं. सिमेंट फुकट जातं. दोन्ही एकाच घमेल्याने मोजा, किंवा ३५ लिटरची पेटी करून घ्या. ओलसर वाळू फुगते, तेव्हा तेवढ्याच मापात खरी वाळू कमी येते, हेही ध्यानात असू द्या.

पायरी ३. अपूर्णांक हवा असेल तर आधी पदांची बेरीज करा. १:६ मध्ये ७ भाग, सिमेंट १/७. एकूण ६ घमेली कोरडा माल हवा म्हणून १ घमेलं सिमेंट आणि ५ वाळू घेतली, तर ते १:५ झालं. काँक्रीटच्या १:२:४ मध्येही सिमेंट १/७ च. वाळू २/७, खडी ४/७. अशी तीन पदं एका अपूर्णांकात मावत नाहीत.

बेरीज सगळीकडे चालत नाही. फवारणीचं औषध ‘लिटरला २ मिली’ असेल, तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली, काम संपलं. तिथे २ आणि १ यांची बेरीज ३ कशाची? काहीच नाही. दोन्ही पदं एकाच राशीचे वाटे असतील आणि एकाच मापात असतील, तेव्हाच बेरजेला अर्थ असतो.

पायरी ४. संक्षिप्त रूप द्या, पण जपून. सोयाबीन-तुरीच्या आंतरपिकात ४:२ आणि २:१ हे गणिताला एकच. दोन्हींत तुरीच्या ओळी सोयाबीनच्या निम्म्या, आणि एकूण ओळींच्या १/३. (हे ओळींचं गुणोत्तर आहे, बियाण्याच्या किलोंचं नाही.)

रानात मात्र मांडणी वेगळी होते. तिफणीच्या (तीन फणांच्या पेरणीच्या अवजाराच्या) कडेच्या फणातून तूर आणि उरलेल्या दोनांतून सोयाबीन सोडलं, तर जाताना डावीकडून सोयाबीन, सोयाबीन, तूर असं पडतं. बांधाशी तिफण वळते, त्यामुळे लगतच्या फेरीला तोच फण दुसऱ्या बाजूला येतो: तूर, सोयाबीन, सोयाबीन. तुरीच्या दोन ओळी शेजारी येतात, सोयाबीनच्या चार, आणि ४:२ आपोआप होतं. खरं २:१ हवं असेल तर तूर मधल्या फणाला द्या. मग बैल कुठूनही वळले तरी तुरीची ओळ एकटीच राहते.